सेवेची बातमी की बातमीची सेवा?

हिवाळा सरू लागला की महाविद्यालयांतून सत्कारांचा हंगाम सुरू होतो. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे आटोपलेली असतात, स्नेहसंमेलनांचे मांडव उभे राहतात आणि वर्षभरातील गुणवंतांना व्यासपीठावर पाचारण केले जाते. गोंदियात तर ९ फेब्रुवारीला, मनोहरभाई पटेल यांच्या जयंतीदिनी, परीक्षांत अग्रक्रम मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याची परंपराच रुजली आहे. महाविद्यालयीन सत्कारांच्या या मानकऱ्यांत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. लेखन, ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, पथनाट्य किंवा समाजमाध्यमे यांतील कौशल्य समाजकार्यासाठी वापरणारा विद्यार्थीही आता सन्मानास पात्र समजला जातो. ही भर स्वागतार्ह आहे. तथापि, ज्या गोष्टीचा गौरव होतो तीच गोष्ट पुढची पिढी अधिक उत्साहाने करू लागते, हा नियम बाजारपेठेइतकाच शिक्षणक्षेत्रालाही लागू आहे. म्हणूनच या सन्मानामागे कोणते मूल्यमापन उभे आहे, याची चिकित्सा अगत्याची ठरते. झालेल्या सेवेची बातमी ज्याने सर्वदूर पोचविली त्याचा हा सत्कार आहे, की बातमीच ज्याने सेवा म्हणून गरजवंताच्या दारी नेली त्याचा?

हा भेद शाब्दिक नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा सेवेचे रूप प्रामुख्याने श्रमदानाचे होते. रस्ता, बांध, शोषखड्डा, वृक्षारोपण ही कामे डोळ्यांना दिसत आणि मोजताही येत. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांच्या सेवेची अट त्या मोजमापाशी सुसंगत होती. पुढे १९९३-९४ पासून राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार सुरू झाले. आज ते राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जातात आणि ग्रामीण महाविद्यालयांतील स्वयंसेवकाच्या दृष्टीने याहून मोठा बहुमान नाही. परंतु माध्यम-कौशल्यातून घडणाऱ्या सेवेला मीटर-फुटांचे माप लावता येत नाही. नेमके याच ठिकाणी मूल्यमापनाची वाट चुकते. जे मोजता येत नाही त्याच्या जागी जे सहज मोजता येते ते येऊन बसते: किती छायाचित्रे पाठविली, किती जणांनी ती पाहिली, वृत्तपत्रांत किती कात्रणे मिळाली. अहवालाची पाने भरतात, सप्ताहाचा फलक प्रत्येक चित्रात ठळक दिसतो आणि ज्या गावासाठी हा सारा उपद्व्याप झाला, ते गाव मात्र छायाचित्राची पार्श्वभूमी होऊन राहते.

विदर्भाच्या मातीला हा प्रकार परका वाटावा, अशी येथील परंपरा आहे. गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. दिवसभराच्या सफाईचा गौरव त्या कीर्तनात नसे. तेथे श्रोत्यांना साधे, बोचरे प्रश्न विचारले जात आणि उत्तरे त्यांच्याकडूनच वदवून घेतली जात. कर्जाने सण का करावा, मुलाला शाळेत का घालू नये, माणसाला शिवल्याने विटाळ कसा होतो, अशा प्रश्नांतून श्रोता विचारास प्रवृत्त होई. कीर्तन हे त्या काळचे प्रभावी लोकमाध्यम होते आणि गाडगेबाबांनी त्याचा उपयोग खराट्याइतकाच स्वच्छतेचे साधन म्हणून केला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८) खंजिरी याच जातकुळीची. ग्रामोद्धाराचा विचार त्यांनी भजनाच्या चालीत बसविला आणि १९४२ च्या आंदोलनात त्याची किंमत कारावासाने मोजली. गोंदियाच्या महाविद्यालयांना ज्या विद्यापीठाची पदवी मिळते त्या, १९२३ साली स्थापन झालेल्या, नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचेच नाव आहे. पदवीपत्रावरील हे नाव एका अर्थी लोकमाध्यमाच्या थोर उपासकाचे आहे, याचे स्मरण विद्यार्थ्यांना क्वचितच करून दिले जाते.

गोंदिया जिल्ह्यात माध्यमांचे दारिद्र्य कधीच नव्हते. दिवाळी सरताच झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात, दंडारीचे फड रंगतात आणि रात्र-रात्र चालणारी नाटके पाहायला पंचक्रोशी लोटते. आज मोबाईल दूरध्वनी खेडोपाडी पोचला आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातेरा लाखांच्या घरात होती आणि साक्षरता ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे करमणूक आहे, साधन आहे, अक्षरओळखही आहे. उणीव आहे ती योग्य वेळी, योग्य माणसाला, त्याच्या बोलीत मिळणाऱ्या विश्वासार्ह माहितीची. या उणिवेची किंमत किती मोठी असते, हे समजण्यासाठी धानाच्या खरेदीचेच उदाहरण पुरेसे आहे.

२०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण प्रतीच्या धानाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. परंतु हा दर जाहीर होणे आणि तो पदरात पडणे यांत मोठे अंतर असते. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी करावी लागते, सातबारा व बँकेचे खाते यांसह ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आपले केंद्र मार्केटिंग फेडरेशनचे की आदिवासी विकास महामंडळाचे हे पाहावे लागते, बारदाना आला की नाही याची चौकशी करावी लागते आणि माल दिल्यावर चुकाऱ्याची वाट पाहावी लागते. समजा, नोंदणीची मुदत न कळल्यामुळे एखाद्या शेतकऱ्याने ४० क्विंटल धान आधारभूत किमतीपेक्षा क्विंटलमागे ३०० रुपये कमी घेऊन व्यापाऱ्याला विकले, तर त्याचे नुकसान १२,००० रुपये होते. एक तारीख न कळण्याची ही किंमत आहे. २०२३-२४ च्या हंगामात राज्य शासनाने धान उत्पादकांना दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी २०,००० रुपयांची प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली, तीही नोंदणीशी निगडित होती. अशा परिस्थितीत देवरी वा सालेकसा तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याने दोन मिनिटांची स्वच्छ, अचूक ध्वनिफीत तयार करून मुदतीपूर्वी गावागावांत पोचविली, तर तिचे आर्थिक मूल्य एखाद्या बांधाहून कमी नसते. फरक इतकाच, की बांधाचे छायाचित्र काढता येते आणि टळलेल्या नुकसानीचे काढता येत नाही.

माहिती हे उत्पादनाचे साधन आहे, हे अर्थशास्त्राने फार उशिरा मान्य केले. बाजारातील एका पक्षाला अधिक व दुसऱ्याला कमी माहिती असली म्हणजे काय घडते, याच्या विश्लेषणाबद्दल अकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या हाती १९९७ नंतर मोबाईल आला, तेव्हा वेगवेगळ्या बंदरांतील भावांची तफावत घटली, गिऱ्हाईक न मिळाल्याने मासळी टाकून देण्याची पाळी संपली, मच्छीमाराचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी काहीशी स्वस्तही मिळाली, असे रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. समुद्र तोच, होड्या त्याच, जाळीही तीच. भर पडली होती ती केवळ वेळेवर मिळणाऱ्या भावाच्या माहितीची.

याहूनही उद्बोधक आहे तो टिमोथी बेस्ली व रॉबिन बर्जेस यांचा २००२ चा अभ्यास. १९५८ ते १९९२ या काळातील भारतातील १६ राज्यांची आकडेवारी त्यांनी तपासली. ज्या राज्यांत वृत्तपत्रांचा खप अधिक, तेथील सरकारे पीक बुडाल्यावर वा पूर आल्यावर अन्नधान्याचे वाटप आणि मदतकार्य अधिक तत्परतेने करतात, असे त्यांना आढळले. यात प्रभावी ठरली ती प्रादेशिक भाषांतील वृत्तपत्रे. इंग्रजी व हिंदी वृत्तपत्रांच्या खपाचा तसा परिणाम दिसून आला नाही. स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत मोठा दुष्काळबळी पडत नाही, या अमर्त्य सेन यांच्या प्रतिपादनाला त्यामुळे एक महत्त्वाची पुस्ती जोडली गेली. केवळ वृत्तपत्र असून भागत नाही, ते पीडिताच्या भाषेतही असावे लागते.

गोंदियाच्या संदर्भात ही पुस्ती कळीची आहे. या जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि सीमेलगत हिंदी व छत्तीसगढी यांचा वावर आहे. शासनाचे परिपत्रक ज्या मराठीत निघते, ती पदवीधरालाही दोनदा वाचावी लागते. कार्यालयाची भाषा आणि चुलीजवळची भाषा या दोन्ही अवगत असलेला महाविद्यालयीन विद्यार्थी हाच दोहोंमधला नैसर्गिक दुवा होय. शेजारच्या छत्तीसगढमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाने याचे प्रात्यक्षिक दिले. साध्या मोबाईलवरून आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करावे आणि इतरांचे ऐकावे, ही सोय गोंडीसारख्या भाषेतही मिळाल्याने न मिळालेली मजुरी, बंद पडलेला हातपंप, वर्गावर न येणारे शिक्षक यांच्या तक्रारी गावाबाहेर ऐकू जाऊ लागल्या. त्यासाठी महागडा कॅमेरा लागला नाही, स्टुडिओ लागला नाही. घरात बोलली जाणारी भाषा हीच तेथे भांडवल ठरली. आपल्या बोलीची लाज वाटून ती वसतिगृहाच्या दाराबाहेर ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगणे हे शिक्षकाचे मोठे काम आहे.

धानाइतकाच गंभीर विषय सिकलसेलचा. पूर्व विदर्भात या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने २०४७ पर्यंत त्याच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस होणाऱ्या अपत्याला हा आजार जडण्याची शक्यता चारात एक असते. हे सत्य विवाहापूर्वी कळले पाहिजे, परंतु ते भिंतीवरच्या घोषणेतून उतरत नाही. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, हा बारकावा समजावून द्यावा लागतो. तपासणीचा निकाल मुलीच्या माथी कलंक म्हणून मारला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. दंडारीच्या संवादांत, झाडीबोलीतल्या छोट्या नाटुकल्यात किंवा दोन मैत्रिणींच्या ध्वनिमुद्रित संभाषणात हा बारकावा बसविणे हे खरे माध्यम-कौशल्य होय. त्यासाठी डॉक्टरांशी बोलावे लागते, मसुदा चार वेळा तपासावा लागतो आणि आधी दहा जणांना ऐकवून त्यांना काय कळले हे विचारावे लागते.

विद्यार्थ्यांच्या हाती माध्यम देण्याची वाट कायद्यानेही मोकळी केली आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. शैक्षणिक संस्थांना समुदाय रेडिओ केंद्रे चालविण्याची मुभा देण्याचे धोरण २००२ अखेर मंजूर झाले आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही ती मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून विद्यापीठीय आवारातील देशातील पहिले असे केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ आणि साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही उदाहरणे सर्वश्रुत आहेत. या केंद्रांचा पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा. वरकरणी ती मर्यादा वाटते, पण पल्ला तोकडा असल्यानेच पलीकडच्या टोल्यावरच्या विहिरीची खबर तेथे मोठ्या राजकीय सभेइतकी महत्त्वाची ठरू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणची महाविद्यालये कमी पडतात, असाही समज नको. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट शाळेची ओढ लागलेल्या, पण शाळेबाहेर राहिलेल्या मुलाची कथा सांगतो. ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. तो सन्मान यंत्रसामग्रीचा नव्हता. इतरांना न दिसलेले मूल पाहू शकणाऱ्या दृष्टीचा होता.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की शासकीय योजनांची माहिती देण्यासाठी पगारी यंत्रणा असताना विद्यार्थ्यांना बिनमोल प्रचारक का करावे? आक्षेप रास्त आहे. विद्यार्थी हा योजनेचा जाहिरातदार झाला, तर तो सेवाही करीत नाही आणि शिकतही नाही. त्यावर उतारा एकच: त्याने माहिती गावाकडे जशी न्यावी, तसे गावाचे प्रश्नही कार्यालयाकडे आणावेत. मुदत सांगणाऱ्या ध्वनिफितीबरोबर, केंद्रावर बारदाना नव्हता आणि चुकारे थकले होते, हेही नोंदले गेले पाहिजे. एकाच दिशेने वाहणाऱ्या माहितीला प्रचार म्हणतात. दोन्ही दिशांनी वाहते तेव्हाच तिला संवाद हे नाव शोभते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. हे कौशल्य उपकारक जसे, तसे अपायकारकही होऊ शकते. सारस पक्ष्याचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात या देखण्या पक्ष्याचे अस्तित्व मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरले आहे आणि त्याच्या संरक्षणाची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली. सारसाचे घरटे अनेकदा धानाच्या बांधीतच असते. त्याचे राखण शेतकऱ्याच्या समजुतीवर अवलंबून असते. ही समजूत वाढविणारी चित्रफीत ही सेवा होय. परंतु घरट्याची नेमकी जागा जगजाहीर करून तेथे बघ्यांची झुंबड उडविणारी चित्रफीत, तिला कितीही दाद मिळो, अपकारच करते. माणसांच्या बाबतीत तर ही जबाबदारी शतगुणित होते. ब्लँकेट स्वीकारणाऱ्या वृद्धेचा चेहरा, रुग्णाचे नाव, वस्तीतील अल्पवयीन मुलीचे छायाचित्र ही सामग्री दात्याची कीर्ती वाढवीत असेल, पण घेणाऱ्याची प्रतिष्ठा हिरावून घेते. संमती विचारणे, नकार मानणे आणि कधी कधी कॅमेरा पिशवीतच ठेवणे, हाही माध्यम-शिक्षणाचा धडा आहे. त्याला गुण देण्याची पद्धत अद्याप रुजलेली नाही.

ती रुजविण्याची संधी मात्र आता आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी श्रेयांक-रचना आखली, तीत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क प्रकल्प व सहअभ्यासक्रम यांना स्थान मिळाले. म्हणजे सेवा आता गुणपत्रिकेत उतरणार. हा बदल जितका मोलाचा तितकाच धोक्याचा आहे, कारण श्रेयांकाच्या मोहाने छायाचित्रांचा पूर आणखी फुगू शकतो. तो टाळायचा असेल तर मूल्यमापनाचे निकष बदलले पाहिजेत. माहिती कोणाला हवी होती आणि ती मुदतीत पोचली का? ती कोणत्या बोलीत दिली? ती कोणाकडून पडताळून घेतली, आणि चूक निघाल्यावर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे केली का? ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी नोंदणी वा तपासणी प्रत्यक्ष केली? ज्यांचे चित्रण झाले त्यांची संमती होती का? शिबिर उठल्यानंतर गावातील एखादी मुलगी वा तरुण हे काम पुढे चालवू शकेल, इतके कौशल्य मागे राहिले का? या प्रश्नांची उत्तरे देणारा चार पानी अहवाल चकचकीत चित्रफितीपेक्षा मोलाचा मानला गेला, तर अर्धे काम झाले.

यासाठी लागणारा खर्चही आवाक्यातला आहे. एखादे चांगले ध्वनिमुद्रण यंत्र, दोन ध्वनिग्राहक, एक संगणक आणि त्यांवर लक्ष ठेवणारा एक उत्साही प्राध्यापक एवढ्यावर बहुतेक महाविद्यालयांत प्रारंभ होऊ शकतो. कठीण आहे ती वेळेची तरतूद. धानाची नोंदणी, रब्बीची पेरणी, तपासणी शिबिरे यांचे वेळापत्रक गावाचे असते. परीक्षा आणि संमेलने यांचे महाविद्यालयाचे. सेवा जानेवारीच्या एका आठवड्यात कोंबली, तर ती गावाच्या गरजेला क्वचितच गाठ घालते. १२० तासांची वाटणी पिकांच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणे हे प्राचार्यांच्या अधिकारातील काम आहे. त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सन्मान मात्र अवश्य व्हावेत. तरुणांच्या चांगल्या कामाबद्दल कृपणपणा दाखविणारा समाज त्यांच्याकडून उदारतेची अपेक्षा करू शकत नाही. पण निवडसमितीत प्राध्यापक व पाहुणे यांच्याबरोबर ज्या गावात काम झाले तेथील शेतकरी, आशा सेविका, बचत गटातील महिला यांनाही जागा असावी, आणि प्रमाणपत्र शक्य तर त्या गावच्या ग्रामसभेतच द्यावे. ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्यासमोर उभे राहून शाबासकी घेणे सोपे नसते. तेथे कोणीतरी उठून, आम्हाला तर काही कळलेच नव्हते, असे म्हणू शकतो. ती शक्यता पत्करून जो विद्यार्थी पुढे येईल, त्याच्या सत्काराला खरे वजन असेल.